टब घरी आला, काठावर कोण बसणार?

गरम पाण्यात डुंबायची हौस आपल्याला काही नवी नाही, बरं का! ठाणे-कल्याणकडच्या जुन्या बायका वज्रेश्वरीला दर्शनाला गेल्या की अकलोली नाहीतर गणेशपुरीच्या कुंडात उतरल्याशिवाय परतत नसत. 'वसई जिंकली तर देऊळ बांधीन' असा नवस चिमाजी अप्पांनी केला होता आणि १७३९ च्या विजयानंतर तो फेडला गेला, ही कथा तिथे सगळ्यांना पाठ. तानसेकाठचे झरे मात्र त्याहूनही जुने. माझी आजी आधी पायावर पाणी घ्यायला लावायची, मग गुडघ्यापर्यंत, मग आत. चार डुबक्या झाल्या की 'पुरे गं, भोवळ येईल' म्हणत हात धरून वर काढायची. बरोबर पोरंबाळं असली तर एक बाई काठावर बसलेलीच.

आता हेच सुख घरात आलंय. घोडबंदर रोडच्या मोठ्या फ्लॅटांत, बदलापूर-मुरबाडकडच्या सेकंड होममध्ये आणि हवा भरून फुगवायच्या टबच्या रूपानं डोंबिवलीतल्या गच्चीवरसुद्धा! टबाबरोबर यंत्राचं माहितीपत्रक येतं. काठावरची बाई मात्र येत नाही, ती आपल्यालाच नेमावी लागते.

गच्चीचं आधी सांगते, कारण ते कुणाच्या डोक्यातच येत नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. आठशे लिटरचा टब भरला की आठशे किलो, वर चार धडधाकट माणसं. आपल्याकडच्या जुन्या इमारती, गळक्या गच्च्या! सोसायटीची परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनीअरचा शब्द घेतल्याशिवाय टब गच्चीवर चढवू नका. बाल्कनीचा तर विचारच नको.

मग पाणी. कुंडात झऱ्याचं नवं पाणी येत राहतं, टबातलं तिथंच राहतं. त्यातून आपल्याकडे पाण्याची टंचाई, म्हणून 'एवढं पाणी कशाला ओतायचं' असं म्हणत तेच आठवडा आठवडा चालवलं जातं. कोमट साचलेलं पाणी जंतूंना फार मानवतं. लिजिओनेला नावाचा जंतू टबाच्या वाफेतून फुप्फुसात शिरतो आणि न्यूमोनिया करतो. गरम पाण्यात क्लोरीनही लवकर उडून जातं, त्यामुळे डोळ्यांना पाणी स्वच्छ दिसलं म्हणजे झालं असं नाही. तपासायच्या पट्ट्या मिळतात. क्लोरीन निदान ३ पीपीएम आणि पीएच ७ ते ७.८ च्या मधे हवा. टबात उतरण्याआधी प्रत्येकानं साबण लावून अंघोळ करायची. दिवाळीचं तेल-उटणं बाथरूममध्येच धुऊन यायचं, तेलानं क्लोरीन संपतं आणि फिल्टर तुंबतो. आणि एक, क्लोरीनची पावडर संडास साफ करायच्या ॲसिडशेजारी ठेवू नका. दोन्ही एकत्र आली तर विषारी वायू होतो.

मंडळाच्या बैठकीत एका सुनेनं विचारलं, "काकू, सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना रोज बसवू का?" गुडघ्यांना बरं वाटेल, खरं आहे. पण बीपीची किंवा हृदयाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच. गरम पाण्यानं रक्तवाहिन्या सैल पडतात, बीपी उतरतं आणि उठताना भोवळ येते. सासूबाईंना मधुमेह असेल आणि पायांची जाणीव कमी झाली असेल, तर पाणी पोळतंय हेच त्यांना कळत नाही. थर्मामीटर वापरा, ४० अंशांच्या वर नाहीच आणि दहा-पंधरा मिनिटं पुष्कळ. दिवस गेले असतील, विशेषतः पहिले तीन महिने, तर टब नको. आईच्या अंगातली उष्णता फार वाढली तर बाळाच्या मेंदू-मणक्याला धोका असतो. आणि पुरुषमंडळींना सांगा, ग्लास हातात घेऊन टबात बसायचं नाही. दारू आणि गरम पाणी दोन्ही झोप आणतात, पाण्यात झोपलेला माणूस बुडतो. 'मूड घालवते' म्हणतील. म्हणू द्या!

विजेबाबत दोनच गोष्टी. ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी आणि चांगलं अर्थिंग नसेल तर टब जोडूच नका. ईएलसीबीचं टेस्ट बटण दर महिन्याला दाबून बघा. एक्स्टेन्शन बोर्ड आणि चार्जिंगचा मोबाइल टबाजवळ नको.

आता मुलं. पाच वर्षांखालच्या मुलाला गरम टबात घालूच नये, त्याचं अंग आपल्यापेक्षा लवकर तापतं. मोठ्या मुलांसाठी पाणी कोमट आणि वेळ पाच मिनिटं. लांब केस घट्ट वर बांधायचे. पाणी खेचून घेणाऱ्या जाळीत मुलीची वेणी अडकली तर डोकं वर काढता येत नाही, म्हणून जाळी फुटकी-सैल असेल तर टब बंद. पाण्याखाली डोकं घालायचं नाही. केरळात २०२४-२५ मध्ये मेंदूज्वर करणाऱ्या अमीबाचे बरेच रुग्ण आढळले. हा अमीबा कोमट गोड्या पाण्यातून येतो, नाकावाटे शिरतो. वापर झाला की कडक, कुलूप लागणारं झाकण घालायचं आणि चढायची शिडी उचलून ठेवायची.

मूल बुडताना ओरडत नाही, हातपाय आपटत नाही. आवाज न करता खाली जातं. 'आम्ही सगळे तिथंच होतो' हे वाक्य अशा घरांतून हमखास ऐकू येतं. सगळे असतात तेव्हा कुणीच बघत नसतं. म्हणून नाव घेऊन सांगा, "आता पंधरा मिनिटं लक्ष तुझं." ज्याचं नाव घेतलं त्यानं हाताच्या अंतरावर बसायचं, फोन दुसऱ्याकडे द्यायचा.

आणि झालंच काही, तर मुलाला उलटं धरून पोट दाबत बसू नका. आपल्याकडे अजून हेच करतात, त्यात मोलाची मिनिटं जातात. श्वास चालत नसेल तर पाठीवर निजवून लगेच तोंडानं श्वास द्यायचे, छाती दाबायची. दुसऱ्यानं १०८ ला फोन लावायचा. हे शिकून घ्यावं लागतं. पुढच्या हळदीकुंकवाला वाणाऐवजी याचंच प्रात्यक्षिक ठेवावं, असं आमच्या मंडळात ठरतंय. तुमच्याकडेही बघा.