तहान मारू नका



यंदा २० मार्चला महाडला सायकलने जायचं, असं मी आणि वस्तीतल्या माझ्या मैत्रिणीने ठरवलं. ती अंगणवाडीत मदतनीस आहे, वय अडतीस. मी चव्वेचाळीसची. घरच्यांनी आधी हसून घेतलं. मग तिला भाच्याची सायकल मिळाली, मी भाड्याने घेतली. १८ तारखेला पहाटे पुण्यातून निघालो. पौड, मुळशी, ताम्हिणी घाट, निजामपूर, माणगाव, महाड असा तीन दिवसांचा रस्ता. मुक्काम ओळखीच्या कार्यकर्त्यांच्या घरी.

पहिला दिवस छान गेला. मुळशीच्या पुढे जंगल सुरू होतं. पळस फुलला होता, करवंदीच्या जाळ्या रस्त्यापर्यंत आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र एका चढावर मैत्रीण खाली उतरली. "ताई, डोकं फार दुखतंय." पोटरीत गोळा आला होता, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. तिची बाटली पाहिली, तर पहाटे भरलेली जशीच्या तशी.

"अगं, प्यायली का नाहीस?"

"प्याले तर जायचं कुठं? सारखी गाड्यांची ये-जा." मग थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "आणि कुणाच्या दारात विचारावं, तर आधी गाव विचारतात, मग आडनाव."

तिला सावलीत आडवं केलं. मानेवर, काखेत ओलं फडकं ठेवलं. ओआरएसचं पाणी घोट घोट पाजलं. तासाभराने ती उठून बसली. पुढच्या वाडीत एका आजींच्या दारात मीच विचारलं. त्या म्हणाल्या, "मागं मोरी हाय, जा. आन् पाणी पिऊन जा." आडनाव विचारलं नाही. विचारलं असतं, तर सांगितलं असतं.

ही गोष्ट फक्त जंगलातल्या रस्त्याची नाही. धुणीभांडी करणाऱ्या, सफाईच्या कामावर जाणाऱ्या आपल्या किती बायका दिवसभर तहान मारतात! कामाच्या ठिकाणी संडास वापरू देत नाहीत. वस्तीतल्या संडासाला कडी नाही, रात्री दिवा नाही. म्हणून संध्याकाळनंतर पाणीच प्यायचं नाही, ही सवय आईकडून मुलीकडे येते.

याची किंमत शरीर देतं. बाईचा लघवीचा मार्ग आखूड असतो, त्यामुळे जंतू लवकर मूत्राशयात पोचतात. पाणी कमी आणि लघवी तुंबवलेली, म्हणजे जंतूंना वाढायला मोकळं रान. लघवीला जळजळ, सारखं जावंसं वाटणं, ओटीपोटात दुखणं ही लक्षणं दिसली की दवाखान्यात जा. थंडी वाजून ताप, कमरेच्या वर पाठीत दुखणं किंवा लघवीत रक्त असेल, तर त्याच दिवशी जा. गरोदर बाईने तर जराही थांबू नये. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने गोळ्या घेऊ नका.

लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरतंय. गडद, कमी आणि उग्र वासाची असेल तर शरीर पाणी मागतंय. उन्हात कामाला किंवा प्रवासाला जाताना तहान लागायची वाट न पाहता थोडं थोडं प्या. घाम, जुलाब किंवा उलट्या फार झाल्या आणि ओआरएसची पुडी नसेल, तर १ लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवा. मीठ जास्त घालू नका. किडनीचा किंवा हृदयाचा आजार असेल, तर पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारा. उन्हाने माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा बेशुद्ध पडला, तर तोंडात काही घालू नका. अंग ओलं करा, वारा घाला आणि १०८ ला फोन लावा.

२० तारखेला आम्ही चवदार तळ्यावर पोचलो. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्येच झाला होता. कागदावरचा तो हक्क बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ ला या तळ्याचं पाणी पिऊन बजावला. पुढे कोर्टात लढाई चालली, ती १९३७ मध्ये हायकोर्टात जिंकली. मैत्रीण पायरीवर बसली आणि तिने आपली बाटली अख्खी संपवली. तळ्याचं पाणी तसंच पिऊ नका, हे नर्स म्हणून मी तिथेही सांगितलं!

येताना ती म्हणाली, "ताई, पाणी मिळालं. आता प्यायलेल्या पाण्याची सोय मागायची."

आल्यावर रविवारी विहारात वंदनेनंतर बायकांची बैठक घेतली. प्रत्येक संडासाला आतून कडी, बाहेर दिवा, बायकांसाठी रात्रभर उघडं दार, एवढ्याच मागण्यांचा अर्ज लिहिला. त्यावर पहिली सही मैत्रिणीची आहे. तुमच्या वस्तीतही असा अर्ज लिहा. आणि तोवर पाणी सोडू नका.