एकेरी रस्ता पुन्हा दुहेरी करावा का? निर्णयामागचे गणित

शहरातील एखादा एकेरी रस्ता पुन्हा दुहेरी वाहतुकीसाठी खुला करण्याचा प्रस्ताव आला की मते विभागली जातात. दुकानदाराला दोन्ही दिशांनी येणारा ग्राहक हवा असतो, रहिवाशाला रोजचा वळसा नको असतो आणि वाहतूक पोलिसांना कोंडीची धास्ती असते. मात्र रस्त्यावरून ताशी किती वाहने जातात, या एकाच आकड्यावर हा निर्णय घेता येत नाही. ती वाहने किती फिरून जातात आणि पादचाऱ्याला रस्ता सुरक्षितपणे ओलांडता येतो का, हेही मोजावे लागते.

एकेरी वाहतुकीचा लाभ कोणता?

इंडियन रोड काँग्रेसच्या 1990 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, शहरातील प्रमुख दोनपदरी रस्त्यावर एकेरी वाहतूक असल्यास ताशी 2,400 प्रवासी कार एककांचा भार गृहीत धरला जातो. दुहेरी असल्यास हाच आकडा 1,500 आहे. समोरून येणारी वाहने नसल्याने दोन्ही पदर एकाच प्रवाहाला मिळतात. चौकातही गुंतागुंत घटते. प्रत्येक दिशेला एक मार्गिका असलेल्या दुहेरी रस्त्यांच्या चौकात वाहनांचे मार्ग 32 ठिकाणी एकमेकांना छेदतात, मिळतात किंवा विभागतात. एकेरी रस्त्यांच्या चौकात ही संख्या बरीच कमी असते.

मात्र अशा व्यवस्थेला जवळचा समांतर रस्ता लागतो. पुण्यातील जंगली महाराज रस्ता आणि फर्ग्युसन महाविद्यालय रस्ता हे त्याचे परिचित उदाहरण. कोलकात्यात अनेक रस्त्यांवरील एकेरी वाहतुकीची दिशा दिवसातील ठरावीक वेळी बदलते. चेन्नईतील अण्णा सालईचा काही भाग मेट्रोच्या कामामुळे काही वर्षे एकेरी होता. काम झाल्यावर तेथे दुहेरी वाहतूक पूर्ववत झाली.

वळशाची किंमत कोण मोजतो?

समजा, एकेरी रस्त्यामुळे ताशी एक हजार वाहनांना प्रत्येकी 600 मीटर अधिक फिरावे लागते. म्हणजे परिसरातील गल्ल्यांवर ताशी 600 वाहन-किलोमीटरचा जादा भार पडतो. मुख्य रस्त्यावरील मोजणीत तो दिसत नाही. बसचा परतीचा थांबा दुसऱ्या रस्त्यावर जातो आणि ज्येष्ठ प्रवाशाची पायपीट वाढते. वळसा टाळण्यासाठी काही दुचाकीस्वार उलट्या दिशेने येतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या 2022 च्या अहवालानुसार, देशात रस्ते अपघातांत 1,68,491 जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी पाच टक्क्यांहून अधिक मृत्यू चुकीच्या दिशेने वाहन चालवण्याशी संबंधित होते.

सुरक्षित पर्याय कोणता?

एकेरी रस्ता ओलांडताना एकाच बाजूला पाहावे लागते, पण मोकळ्या रस्त्यावर वाहनांचा वेग वाढतो. अमेरिकेतील लुइव्हिल शहरात 2011 मध्ये दोन एकेरी रस्ते दुहेरी करण्यात आले. संशोधकांच्या पाहणीत वाहनसंख्या वाढूनही अपघात एका रस्त्यावर 36, तर दुसऱ्यावर 60 टक्क्यांनी घटल्याचे आढळले. हे निष्कर्ष भारतात जसेच्या तसे लागू होणार नाहीत. येथे दुहेरी पार्किंग, फेरीवाले, रिक्षाथांबे आणि अपुरे पदपथ यांमुळे कागदावरची रुंदी प्रत्यक्षात उपलब्ध नसते. उजवीकडे वळणाऱ्या एका वाहनामुळे मागची संपूर्ण रांग खोळंबू शकते.

निर्णय कसा व्हावा?

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 115 नुसार सार्वजनिक सुरक्षितता किंवा सोयीसाठी वाहतुकीवर निर्बंध घालण्याचा अधिकार राज्य सरकारला किंवा त्याने प्राधिकृत केलेल्या यंत्रणेला आहे. निर्बंध एक महिन्याहून अधिक काळ राहणार नसतील, तर राजपत्रातील अधिसूचना आवश्यक नसते. स्थानिक प्रसिद्धी मात्र द्यावी लागते. उजव्या वळणावर किंवा अवजड वाहनांवर तात्पुरती बंदी घालून दुहेरी वाहतुकीची चाचणी घेताना ही तरतूद उपयुक्त ठरते.

चाचणीपूर्वी आणि चाचणीच्या काळात मुख्य रस्त्याबरोबरच लगतच्या गल्ल्यांतील वाहनसंख्या, बसचा प्रवासवेळ, अपघात आणि रुग्णवाहिकेला लागणारा वेळ यांची नोंद आवश्यक आहे. पार्किंग हटवून दोन्ही दिशांना सलग मार्गिका आणि पादचाऱ्यांना सुरक्षित ओलांडणी मिळत असेल, तर दुहेरी वाहतुकीचा विचार योग्य ठरतो. ते शक्य नसेल, तर एकेरी व्यवस्था कायम ठेवून वळसा कमी करणारे जोडरस्ते खुले करणे हा अधिक व्यवहार्य मार्ग ठरतो.