जो समोर नाही, त्याच्याशी झुंज

दोन महिन्यांनी लढत आहे. प्रतिस्पर्धी तुमच्यापेक्षा उंच, त्यात डावखुरा, आणि सध्या तो दुसऱ्याच कुठल्यातरी देशात घाम गाळतोय. त्याचे ठोसे चुकवायचा सराव तुम्हाला आजपासून करायचाय. पण ज्याचे ठोसे चुकवायचे, तोच इथे नाही! मग करायचं काय?

बॉक्सिंगने यावर काढलेला तोडगा विलक्षण आहे. त्या माणसासारखा दुसरा माणूस शोधून आणायचा. तेवढ्याच उंचीचा, तसाच डावखुरा, त्याच ढंगाने पुढे येणारा. पैसे देऊन त्याला रिंगमध्ये उभं करायचं आणि दिवसाआड त्याच्याशी लढायचं. हेच स्पारिंग. लढाई लुटुपुटूची असते, ठोसे मात्र खरे!

एवढा खटाटोप कशाला? सँडबॅग बडवून भागणार नाही का? नाही भागणार, आणि त्याचं कारण आपल्या डोळ्यांत आहे. काहीतरी दिसलं आणि त्यावर शरीर हललं, यात साधारण सेकंदाचा पाचवा भाग जातो. चांगल्या बॉक्सरचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, जवळपास तेवढ्याच वेळात नाकावर पोचतो. म्हणजे ठोसा निघालेला पाहून तो चुकवू म्हटलं, तर उशीर झालेलाच असतो.

तरीही बॉक्सर ठोसे चुकवतात! कारण ते हाताकडे बघून हलतच नाहीत. हात निघण्याआधी खांदा किंचित उचलला जातो, कंबर वळते, मागच्या पायावर भार जातो. रस्ता ओलांडताना समोरची रिक्षा वळणार हे आपल्याला तिच्या पुढच्या चाकावरून आधीच कळतं ना, तसंच हे. पण ही नजर पुस्तकातून येत नाही आणि आरशासमोर एकट्याने उड्या मारूनही येत नाही. मेंदूला हजारो खरे ठोसे दाखवावे लागतात, त्यातले काही खावेही लागतात.

आता प्रश्न असा, की रोज खरे ठोसे खाऊन माणूस लढतीपर्यंत धड उरेल कसा? त्यासाठी ग्लोव्हज बदलतात. व्यावसायिक लढतीत ते 8 किंवा 10 औंसांचे असतात, स्पारिंगला बहुधा 16 औंसांचे, म्हणजे सुमारे 450 ग्रॅमचे. जाड गादीमुळे मार सौम्य होतो. शिवाय महिनोन्‌महिने जड ग्लोव्हज वागवलेले हात लढतीच्या दिवशी हलके वाटतात. डोक्यावर हेडगार्ड असतं, पण त्याच्यावर फार विसंबू नये. ते भुवई फाटण्यापासून वाचवतं. कवटीच्या आत मेंदूला बसणारा हिसका ते थांबवू शकत नाही. म्हणूनच शहाणा प्रशिक्षक रोज दणादण लढू देत नाही. आज फक्त जॅब, उद्या फक्त पोटावर, परवा तू कोपऱ्यात अडकलायस आणि तुला सुटायचंय, अशी तुकड्या-तुकड्यांची लढाई चालते. कधी उलट डाव असतो. दर फेरीला नवा, ताजातवाना जोडीदार आत येतो आणि दमलेला बॉक्सर मात्र तोच!

2012 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये महिलांचं बॉक्सिंग पहिल्यांदा आलं, तेव्हा सर्वांत हलका गट होता 51 किलोचा. मेरी कोमची तोपर्यंतची पाच जागतिक विजेतेपदं मात्र 45 ते 48 किलोच्या गटांतली, आणि तिची उंची 5 फूट 2 इंच. म्हणजे समोर येणार त्या तिच्याहून थोराड, लांब हातांच्या मुली. तिने काय करावं? आपल्या पुण्यात सराव करताना ती पुरुष बॉक्सरांशी स्पारिंग करत होती. त्या लांब, जोरकस हातांची सवय लावून ती लंडनला गेली आणि कांस्यपदक घेऊन आली.

पण स्पारिंगची खरी ताकद बघायची तर 1974 च्या किन्शासात जायला हवं. जॉर्ज फोरमन विरुद्ध मुहंमद अली. जो फ्रेझर आणि केन नॉर्टन या दोन्ही कसलेल्या बॉक्सरांना फोरमनने दुसऱ्याच फेरीत संपवलं होतं. लढतीला आठवडाभर उरला असताना स्पारिंगमध्ये जोडीदाराचं कोपर लागून फोरमनची उजवी भुवई फाटली. एका कोपराने जगभर गाजत असलेली लढत पाच आठवडे पुढे ढकलली! जखम पुन्हा उघडू नये म्हणून फोरमनचं स्पारिंगही थांबलं. अली मात्र सरावात भलतंच काही करत होता. दोरांना टेकून तो जोडीदारांना स्वतःला मारू देत असे. बघणाऱ्यांना वाटे, हा थकलाय. 30 ऑक्टोबरला तो अगदी तसाच दोरांना टेकला, फोरमनचे घणाघाती ठोसे दंडांवर झेलत राहिला आणि आठव्या फेरीत दमलेल्या फोरमनला त्याने खाली पाडलं. जगाला चकित करणारा तो डाव सरावात सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चालू होता!

मला सर्वांत थक्क करतो तो भाड्याने आणलेला माणूस. त्याचं नाव कुणी विचारत नाही, पण रोज तो जगातल्या सर्वोत्तम बॉक्सरसमोर उभा असतो. मग तोही शिकणार नाही का? अलीच्या डिअर लेक इथल्या तळावर लॅरी होम्स नावाचा तरुण स्पारिंगला येई. सुरुवातीला अलीच्या ठोशाने त्याचा डोळा काळानिळा झाला, तर त्याने बर्फ लावायला नकार दिला. अलीने दिलेली खूण त्याला लोकांना दाखवायची होती! काही वर्षं तो अलीचे ठोसे झेलत, त्याची चाल न्याहाळत राहिला. 1978 मध्ये तो स्वतः विश्वविजेता झाला. आणि 2 ऑक्टोबर 1980 ला लास व्हेगासमध्ये समोर आला तो 38 वर्षांचा अली. होम्सचा जॅब फेरीमागून फेरी त्याच्या चेहऱ्यावर बसत गेला आणि दहाव्या फेरीनंतर अलीच्या प्रशिक्षकाने लढत थांबवली. अलीच्या साऱ्या कारकिर्दीत वेळेआधी थांबवावी लागलेली त्याची ही एकमेव हार.