एकच ‘दुसऱ्या’, दोन नोंदी

अनगोळला घरी मी शब्दसूचीची आज्ञावली चालवली, तेव्हा ‘दुसऱ्या’ हा शब्द दोनदा आला. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच. म्हणून जीडीबी या डीबगरने आज्ञावली मध्येच थांबवली. या डीबगरला पायथन भाषेत सूचना देता येतात. चार ओळी लिहून स्मृतीतल्या प्रत्येक चिन्हाचा युनिकोड क्रमांक छापून घेतला. पहिल्या नोंदीत ‘ऱ’ हे एकच चिन्ह होते, क्रमांक ०९३१. दुसरीत ‘र’ (०९३०) आणि त्यापुढे सुटा नुक्ता. यूटीएफ-८मध्ये पहिले रूप ३ बाइटांचे, दुसरे ६. तुलनेआधी युनिकोडच्या प्रमाणीकरणाने दोन्ही एकरूप केली. नोंद एकच उरली. एरवी एका रूपाने शोधणाऱ्या विद्यार्थ्याला दुसरी नोंद सापडलीच नसती. कोशकाराने डोळ्यांवर विसंबू नये, ते यासाठी.