बॅटरी गेली, की चार्जिंगच होत नाही?

किल्ली फिरवल्याबरोबर छोट्या मोटारीचा ‘सेल्फ’ बॅटरीतून दीडशे-दोनशे अँपिअर करंट ओढतो. आकडा छाती दडपवणारा आहे, पण खेळ एक-दोन सेकंदांचाच. 200 अँपिअर दोन सेकंद, म्हणजे हिशेबाने 0.11 अँपिअर-तास. 35 अँपिअर-तासांच्या बॅटरीला हे काहीच नाही. गाडी चालू लागली की काही मिनिटांत भरून निघते. तेव्हा ‘सेल्फ मारून मारून बॅटरी उतरली’ हे निदान चांगल्या चार्जिंगच्या गाडीला सहसा लागू पडत नाही. भरपाई होत नसेल, किंवा गाडी उभी असताना कोणीतरी गुपचूप वीज पीत असेल, तर बॅटरी उतरते. नवी बॅटरी घेण्याआधी शोधायचे ते हेच.

गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1859 मध्ये शिशाचे पत्रे सल्फ्युरिक आम्लात बुडवून जी बॅटरी केली, तिची मूळ रसायनक्रिया आजही तीच आहे. ऋण पट्टी शिशाची, धन पट्टी लेड डायॉक्साइडची. वीज देता देता दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट चढते आणि आम्ल पाणचट होते. एका सेलचे साधारण 2.1 व्होल्ट, सहा सेलचे 12.6. आणि या 2.1 व्होल्टमागे चक्क आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद आहे. शिशाच्या अणुकेंद्रात 82 प्रोटॉन असतात. त्यांच्या ओढीमुळे सर्वांत आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या सुमारे 60 टक्के वेगाने फिरतात. 2011 मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या नियतकालिकात आलेल्या गणितानुसार, सापेक्षतेचा परिणाम वगळला तर प्रत्येक सेलमधले 1.7 ते 1.8 व्होल्ट नाहीसेच होतात. कथील हा शिशाचा सख्खा भाऊ, पण हलका. म्हणून त्याची अशी बॅटरी जमत नाही.

ही बॅटरी भरायला पूर्वी गाड्यांना डायनॅमो असे आणि इंजिन संथ चालत असताना तो जवळजवळ झोपलेलाच असे. सिलिकॉन डायोड स्वस्त झाले तेव्हा त्याची जागा ऑल्टरनेटरने घेतली. क्रायस्लरने 1960 च्या व्हॅलियंटला तो बसवला. आपल्याकडच्या गॅरेजांत अजूनही त्याला डायनॅमोच म्हणतात. बेल्टवर तो इंजिनाच्या दोन-तीन पट वेगाने फिरतो. आतल्या रोटरला कार्बनच्या ब्रशमधून मोजकेच काही अँपिअर मिळतात आणि तेवढ्या चुंबकत्वावर बाहेरच्या तीन गुंडाळ्यांत पन्नास-साठ अँपिअर किंवा अधिकही वीज उभी राहते. ती उलटसुलट वाहणारी, एसी. किमान सहा डायोड तिला एका दिशेला वळवतात. इंजिन 800 फेऱ्यांवर असो की 4000, रेग्युलेटर रोटरचा करंट क्षणाक्षणाला कमी-जास्त करून दाब 13.8 ते 14.5 व्होल्टमध्ये धरून ठेवतो.

साध्या मल्टिमीटरने बरेच काही कळते. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी 12.6 दाखवत असेल तर ती भरलेली आहे, 12.2 म्हणजे अर्धी, 12 च्या खाली म्हणजे रिकामीच समजा. भरलेली बॅटरी सेल्फ मारताना साधारण 9.6 च्याही खाली कोसळली, तर संशय बॅटरीवर. इंजिन चालू असूनही काटा 12.4 वरून घसरतच असेल, तर चार्जिंग नाही. 15 च्या वर गेला तर रेग्युलेटर गेला. बॅटरीतले पाणी आटते, सडक्या अंड्यांचा वास येतो. अशा वेळी जवळ काडी ओढू नये, हायड्रोजन असतो.

डॅशबोर्डवरचा लाल दिवा चार्जिंग बंद पडल्यावर पेटतो हे सर्वांना ठाऊक असते. पण किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, तो पेटलाच नाही तर? जुन्या पद्धतीच्या जोडणीत रोटरला पहिला करंट या दिव्यातूनच जातो. दहा-वीस रुपयांचा बल्ब उडाला म्हणून धडधाकट ऑल्टरनेटर जागाच होत नाही, असेही घडते.

सर्वांत जास्त फसवतात त्या तारा. ऑल्टरनेटरवर 14.3 व्होल्ट आणि बॅटरीवर 13.4, तर मधले 0.9 कुठे गेले? हेडलाइट आणि ब्लोअर लावून, इंजिन चालू ठेवून, मीटरचे एक टोक ऑल्टरनेटरच्या जाड तारेच्या नटाला आणि दुसरे बॅटरीच्या धन टर्मिनलला लावा. 0.3 च्या वर आकडा दिसला तर वाटेत अडथळा आहे. तसेच ऑल्टरनेटरच्या अंगापासून ऋण टर्मिनलपर्यंत, तिथे 0.2 पुष्कळ झाले. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी किंवा गंजलेला अर्थिंगचा बोल्ट हे यातले नेहमीचे गुन्हेगार. खाण्याच्या सोड्याचे पाणी आणि पॉलिश पेपर एवढ्यावर भागते. त्यासाठी ऑल्टरनेटर बदलणे म्हणजे निव्वळ पैसे उडवणे.

डायोडचा बिघाड जास्त कावेबाज. एक तुटला तर दिवसा सगळे ठीक, रात्री दिवे लावले की चार्जिंग अपुरे. एक शॉर्ट झाला तर बॅटरीची वीज उभ्या गाडीत गुंडाळ्यांतून उलटी वाहते. सकाळी इंजिन थंडगार असताना ऑल्टरनेटरला हात लावून पाहावा. तोच कोमट लागला तर चोर सापडला. इंजिन चालू असताना बॅटरीवर एसी दाब अर्ध्या व्होल्टच्या वर मिळणे ही दुसरी खूण.

गाडी बंद असताना संगणक, घड्याळ, अलार्म यांना 50 मिलिअँपिअरपर्यंत लागणे रास्त धरतात. तरी महिनाभरात ते 36 अँपिअर-तास होतात, म्हणजे छोट्या गाडीची आख्खी बॅटरी. 2020 च्या टाळेबंदीत निरोगी गाड्याही सुरू होईनात, त्याचे कारण एवढेच. गळती मोजायची तर ऋण तारेत मीटर जोडून, संगणक झोपी जाईपर्यंत अर्धा तास थांबून, मग एकेक फ्यूज काढावा. मधे किल्ली मात्र फिरवू नये, मीटर जळेल.

चालू इंजिनावर बॅटरीची तार काढून ‘डायनॅमो चालतोय का’ पाहण्याची जुनी खोड सोडलेली बरी. त्या क्षणी दाब कित्येक पटींनी उसळतो आणि गाडीचा संगणक जातो. उलट नव्या गाड्यांत हा संगणकच इंधन वाचवण्यासाठी चार्जिंग मुद्दाम खाली आणतो. तिथे 12.8 दिसले म्हणून घाबरू नये. हेडलाइट लावून पुन्हा मोजावे.