‘पूर’ आणि ‘पाणी’ : अमेरिकेतील पूरविमा व पूर्वीचे दावे

न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या माझ्या एका आप्तांनी तेथे घर विकत घेताना मजकडे एक प्रश्न पाठविला. त्या घराच्या तळघरात पूर्वी पाणी झाले होते व मूळ मालकाने विमाकंपनीकडून त्याची भरपाईही घेतली होती. अशा घराला पुराचा विमा मिळेल काय? प्रश्न विमाशास्त्रातला आणि मी भाषाशास्त्राचा अध्यापक. परंतु सोबतची कागदपत्रे वाचू लागल्यावर ध्यानात आले की, उत्तराचा बराच भाग ‘पूर’ या शब्दाच्या व्याख्येतच आहे.

पाण्याच्या उपद्रवासाठी मराठीत आपण निरनिराळी क्रियापदे योजतो. नदीला पूर येतो, रस्त्यावर पाणी तुंबते, घरात शिरते. छप्पर गळते, नळ फुटतो. क्रियापदावरूनच पाणी कोठून आले याची कल्पना येते. इंग्रजीतील ‘वॉटर डॅमेज’ हा समास मात्र पाण्याच्या उगमाविषयी मौन पाळतो. लोकव्यवहारात त्याने काही अडत नाही, विमापत्रात अडते. अमेरिकेतील गृहविमा अकस्मात फुटलेल्या नळाची हानी सामान्यतः भरून देतो, पुराची देत नाही. (आपल्याकडे याच्या उलट, २०२१ पासून रूढ झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ विमापत्रात पूर मूळ संरक्षणातच अंतर्भूत आहे.) तेथे पुरासाठी वेगळे विमापत्र घ्यावे लागते, आणि ते बहुधा १९६८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या ‘नॅशनल फ्लड इन्शुरन्स प्रोग्रॅम’ या संघराज्य-योजनेतून घेतले जाते.

या योजनेची पुराची व्याख्या पाहण्यासारखी आहे. एरवी कोरडी असणारी दोन एकर वा अधिक जमीन, किंवा दोन वा अधिक मालमत्ता (पैकी निदान एक विमाधारकाची), तात्पुरती पाण्याखाली गेली पाहिजे. आणि ते पाणी नदी-समुद्राच्या मर्यादा ओलांडून आलेले किंवा भूपृष्ठावर झपाट्याने साचलेले असले पाहिजे. चिखलाचा लोंढाही तीत येतो. म्हणजे माझ्या तळघरातील हातभर पाणी ‘पूर’ आहे की नाही, हे पुष्कळदा शेजाऱ्याच्या अंगणाकडे पाहून ठरवावे लागते! कोशकाराला ही व्याख्या रुचणार नाही. परंतु कोशकाराला नुकसानीची मोजदाद करावयाची नसते, हेही खरे.

आता पूर्वीच्या दाव्यांकडे वळू. वरील भेदामुळे त्यांच्या नोंदीही दोन ठिकाणी होतात. गृहविम्याखालील दावे खाजगी विमाकंपन्यांच्या सामायिक नोंदसंग्रहात जातात. ‘क्लू’ या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा हा संग्रह लेक्सिसनेक्सिस ही कंपनी चालविते आणि त्यात सात वर्षांपर्यंतचे दावे सापडतात. दावा दाखल झाला, पण एक डॉलरही हाती पडला नाही, तरी त्याची नोंद राहू शकते. पुराचा विमा देणाऱ्या खाजगी कंपन्या पूर्वीच्या हानीची चौकशी करतात व प्रसंगी नकार देतात. संघराज्य-योजनेचे तसे नाही. गाव योजनेत सहभागी असेल आणि इमारत विमापात्र असेल, तर केवळ जुन्या दाव्यांमुळे विमापत्र नाकारले जात नाही. निवासी इमारतीस अडीच लक्ष व आतील सामानास एक लक्ष डॉलरपर्यंत संरक्षण मिळते.

तथापि नकार नाही म्हणजे परिणाम नाही असे नव्हे. १९७८ पासूनच्या कोणत्याही दहा वर्षांत एक हजार डॉलरांहून अधिक रकमेचे दोन दावे दिले गेले, की ते घर ‘पुनरावृत्त हानी’ या वर्गात पडते. येथे व्याकरणाच्या भाषेत बोलायचे तर कर्ता मालक नसून घर आहे : मालक बदलला तरी शिक्का बदलत नाही. हप्त्याच्या आकारणीची नवी पद्धत १ ऑक्टोबर २०२१ पासून नव्या विमापत्रांना व १ एप्रिल २०२२ पासून नूतनीकरणांना लागू झाली. तीत प्रवेश करताना जुने दावे हप्त्यात धरले जात नाहीत. परंतु त्यानंतर नवा दावा झाला, म्हणजे मागील वीस वर्षांतील दावेही हिशेबात येतात. जुन्या घराच्या ग्राहकाने सर्वांत सावध राहावे ते याच कलमाविषयी, असे माझे मत आहे. कारण पहिल्या वर्षीचा हप्ता पाहून त्याला याचा सुगावा लागत नाही.

दुरुस्तीच्या पावत्यांचे महत्त्वही यातूनच उद्भवते. मागील पुरात खराब झालेली भिंत दुरुस्त न करता तशीच ठेवली, तर पुढील पुरात तिच्यासाठी पुन्हा भरपाई मिळत नाही. आणि ती दुरुस्त केली होती हे विमाधारकालाच दाखवावे लागते.

रॅरिटन नदीकाठचे मॅनव्हिल हे गाव १९९९ मध्ये फ्लॉइड, २०११ मध्ये आयरीन व २०२१ मध्ये आयडा या वादळांच्या पुरात सापडले. अशा ठिकाणी घराचा पूर्वेतिहास ग्राहकाला न सांगणे हा मोठाच अन्याय होता. न्यू जर्सीने २०२३ मध्ये कायदा करून घर विकणाऱ्यास व भाड्याने देणाऱ्यासही ती माहिती देणे बंधनकारक केले.

आमच्या आप्तांनी विक्रेत्याकडून ‘क्लू’चा उतारा मागविला. मूळ मालकाचा दावा गृहविम्याखालचा होता. हिवाळ्यात गोठून फुटलेल्या नळाचा. तळघरात पाणी झाले होते हे खरे, पण पूर आला नव्हता. विमापत्र मिळाले. ते लागू होण्यास एरवी तीस दिवस थांबावे लागते. परंतु गृहकर्जाच्या निमित्ताने घेतलेल्या विमापत्रास ती अट नसल्यामुळे व्यवहाराच्या दिवसापासूनच ते अंमलात आले.