मोठ्या कुत्र्यांचे सांधे : खर्च कधी करावा? (लेखांक ६)

मागच्या लेखात आपण खुब्याच्या सांध्याची रचना पाहिली. लॅब्रॅडोर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर अशा जातींच्या पिल्लांचा हा सांधा जन्मतः ठीकच असतो. पुढच्या काही महिन्यांत काहींचा तो सैल पडतो, मांडीच्या हाडाचा गोळा उखळीत नीट बसत नाही आणि कूर्चा झिजू लागते. हा दोष आनुवंशिक खरा, पण तो किती बळावेल हे पुष्कळसं पिल्लाच्या ताटलीवर ठरतं. म्हणूनच माझं ठाम मत आहे, की या दुखण्यावरचा पैसा बहुतेक घरांत चुकीच्या वेळी खर्च होतो. पहिल्या वर्षी हात आखडता असतो आणि आठव्या वर्षी शस्त्रक्रियेचा आकडा ऐकून सगळं घर हवालदिल होतं.

सर्वांत गुणकारी उपाय फुकट आहे: वजन आटोक्यात ठेवणं. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडोर कुत्र्यांवर आयुष्यभर चाललेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. एकाच वेतातल्या पिल्लांच्या जोड्या लावून एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न दिलं गेलं. कमी खाणाऱ्या गटाचं मध्यक आयुर्मान १३ वर्षं भरलं, दुसऱ्या गटाचं ११.२. संधिवाताचे उपचार सुरू करायची वेळही कमी खाणाऱ्यांवर सुमारे तीन वर्षं उशिरा आली. तीन वर्षं वेदनेशिवाय! एवढं देणारी गोळी अजून कुठल्या औषधाच्या दुकानात मिळत नाही.

तरी हेच सर्वांत अवघड जातं, कारण आपल्याकडे लाड म्हणजे खाऊ घालणं. आजी चहाबरोबर बिस्किटं देतात, मुलं पोळीचा तुकडा टाकतात, रात्री उरलेला भात असतोच. ज्याचं त्याला ते ‘एवढंसंच’ वाटतं. बरगड्यांवरून हात फिरवून पाहा. जोर न देता त्या बोटांना मोजता आल्या पाहिजेत. आणि हाडं मजबूत व्हावीत म्हणून कॅल्शियमचं टॉनिक सुरू करू नका. वाढत्या पिल्लाला जास्तीचं कॅल्शियम शोषून घेणं थांबवता येत नाही, आणि संतुलित खाद्यावर वाढणाऱ्या मोठ्या जातीच्या पिल्लाची हाडं त्यानेच बिघडतात.

पहिल्या वर्षीचा करण्याजोगा खर्च म्हणजे वेळेवर तपासणी. सांध्याचा सैलपणा चार महिन्यांच्या आसपास कळला, तर ओटीपोटाखालच्या हाडांचा जोड बंद करणारी छोटी शस्त्रक्रिया करता येते. मग वाढती उखळ गोळ्यावर अधिक आच्छादन धरते. पाचव्या महिन्यानंतर तिचा फारसा उपयोग उरत नाही. पुढे राहतात ते कृत्रिम खुब्यासारख्या मोठ्या शस्त्रक्रियांचे मार्ग. परळच्या आणि नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत खासगी दवाखान्यांपेक्षा शुल्क कमी असतं, तिथे आधी विचारा. घरात गुळगुळीत टाइल्स असतील तर कुत्र्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर रबरी मॅट घाला.

विमा घ्यायचा तर पिल्लू निरोगी असतानाच. लंगडणं एकदा कागदावर आलं की तो ‘आधीपासूनचा आजार’ ठरतो आणि दावा फेटाळला जाऊ शकतो. आनुवंशिक आजार वगळणारं कलम आहे का, हे सहीपूर्वी वाचा. असेल, तर हप्त्याची रक्कम बँकेच्या आरडीत टाकणं मला अधिक शहाणपणाचं वाटतं.

म्हातारपणी महिन्याचा खर्च येतो तो वेदनाशामक गोळ्यांचा आणि अधूनमधून यकृत-मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा. ही तपासणी टाळून पैसे वाचवू नका. आणि कितीही कळवळा आला तरी घरातली माणसांची आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी देऊ नका. तिने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. चुकून पोटात गेलीच, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री डॉक्टर गाठा आणि गोळ्यांचं पाकीट सोबत न्या.

पुढच्या लेखात : गुडघ्याचा तुटलेला अस्थिबंध.